सगळ्यांना चालेल अशी प्रार्थना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कॉलेजच्या प्रमुख डॉ. कॉर्डेलिया व्हिटेकर, व्यासपीठावरचे माझे सहकारी इमाम यूसुफ दिरिये आणि बौद्ध गुरू बुनमी, सत्कारमूर्ती रेव्हरंड डॉरकस हॉलिंग्सवर्थ, प्राध्यापक मंडळी, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागे कॉफीच्या टेबलाजवळ उभं राहून माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या सज्जनहो, सर्वांना माझा शालोम.

आयोजकांनी मला बजावलंय, "रब्बीसाहेब, शेवटी बाईंना शुभेच्छा द्या, पण देव मध्ये आणू नका. सभागृहात सगळ्या प्रकारची माणसं आहेत." आचाऱ्याला स्वयंपाक कर, पण चूल पेटवू नकोस, असं सांगण्यासारखंच हे. असो. डॉरकसबाई सोमवारी पोर्टलंडच्या इस्पितळात दाखल होताहेत. शस्त्रक्रिया मोठी आहे आणि डॉक्टरांनी कसलीही हमी दिलेली नाही. हे गुपित नाही, त्यांनीच सर्वांना सांगितलंय. अशा माणसाला शुभेच्छा द्यायच्या म्हणजे काय द्यायचं?

आम्ही चौघं या कॉलेजचे धर्मगुरू. धर्म चार, खोली एक, कॉफीचं यंत्र एक, आणि तेही बहुतेक वेळा बंद. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नादेज सँतिल ही आपली विद्यार्थिनी बर्फावर गाडी घसरून गेली. तिच्या श्रद्धांजली सभेसाठी आम्ही चौघं प्रार्थना लिहायला बसलो. कुणालाही खटकू नये, एवढीच चिंता. 'स्वर्ग' लिहिलं, तर बुनमी म्हणाले, "हा शब्द आमच्याकडे तसा बसत नाही." 'पिता' डॉरकसबाईंनी स्वतःच खोडला, मुलींना आवडणार नाही म्हणून. "आणि 'देव'?" मी विचारलं. इमामसाहेब म्हणाले, "मला काय, चालेलच. पण ज्यांचा कुणावरच विश्वास नाही, त्यांचं काय?" झालं, देवही गेला. उरलं काय? तळं, बर्चची झाडं आणि येणारा वसंत. सभेत डॉरकसबाईंनी ते वाचलं. हवामानाचा अंदाज ऐकावा तसं लोकांनी ऐकून घेतलं.

पहिल्या रांगेत नादेजची आई होती. ओदेतबाई, मूळच्या हैतीच्या, ब्रॉकटनहून आलेल्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"संपलं? एवढंच? माझी पोर गेलीय आणि तुम्ही झाडांचं काय सांगताय? तुम्ही कोण?"

"मी पाद्री आहे, ओदेतबाई," डॉरकसबाई म्हणाल्या.

"मग प्रार्थना करा की! पगार कशाचा घेता? माझ्या लेकीसाठी देवाचं नाव घेणारं एक माणूस नाही का इथं?"

मी बुटांकडे बघत होतो. डॉरकसबाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि त्या व्यासपीठावरून उतरल्या.

"चुकलं आमचं. तुमच्या घरी कसं करतात?"

"घरी? घरी आम्ही मोठ्यानं करतो."

"मग मोठ्यानं करा. आम्ही आहोत."

ओदेतबाईंनी क्रिओलमध्ये, आपल्या हैतीच्या बोलीत, गायला सुरुवात केली. त्या मोठ्यानं गायल्या आणि मोठ्यानं रडल्या. डॉरकसबाई त्यांचा हात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी आपल्या येशूच्या नावानं प्रार्थना केली, काहीही न गाळता. त्यानंतर ओदेतबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तो टोपीवाला का गप्प? त्यालाही म्हणू दे त्याचं." मी हिब्रूत म्हटलं. इमामसाहेबांनी अरबीत म्हटलं. बुनमी डोळे मिटून बसले होते.

"आणि हे?"

"शांत बसणं हीच त्यांची प्रार्थना," डॉरकसबाई म्हणाल्या.

"बसू दे मग. एवढ्या गोंगाटात कुणीतरी शांत हवंच."

त्या सभेत पोरं पहिल्यांदा हसली, आणि लगेच रडली. मीही रडलो. त्या दिवसापासून डॉरकसबाईंनी आमच्या खोलीत एक शिस्त लावली. कुणाच्याही प्रार्थनेला कात्री लावायची नाही. ज्यानं त्यानं आपली पूर्ण म्हणायची आणि बाकीच्यांनी सोबत उभं राहायचं. आमच्यात मतभेद आजही भरपूर आहेत, यंत्राचा गाळ कोणी साफ करायचा यावर तर विशेष.

वेळ संपत आलीय. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी न पाहिल्यासारखं केलं. या सभागृहाचे, ज्यांनी केक आणला त्यांचे आणि मला बोलायला बोलावण्याचं धाडस करणाऱ्या आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठं जास्तकमी झालं असेल तर पोटात घाला. पुढे जे घडणार आहे, त्याचीही आत्ताच माफी मागून ठेवतो, कारण सर्वांना चालेल अशा शुभेच्छा माझ्याकडे नाहीत. डॉरकसबाई, तुम्ही बऱ्या होऊन परत यावं, एवढंच मला हवंय, आणि ते कुणाकडे मागायचं हे मला माहीत आहे.

ओदेतबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. बातमी कळल्यावर सकाळच्या बसनं आल्या.

ओदेतबाई, उठा. सुरुवात तुम्ही करा. घरी करता तशी, मोठ्यानं. आम्ही आहोत.