खंडेनवमीचं कुंकू

मॉनिटरची बटणं चालेनात म्हटलं की तुम्ही हसता, मला मात्र सणसरच्या आक्का आठवतात. नव्वदीच्या शेवटाला मी इंदापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. एक दिवस आक्कांचे मालक, तात्या, दुकानात आले. त्यांचा मुलगा सुनील घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करायचा. तो वारून दोन महिने झाले होते.

"कॉम्प्युटर इकायचाय," तात्या म्हणाले, "पण बारामतीचं गिऱ्हाईक म्हणतं, बटणं मेल्यात."

मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. चित्र अंधुक होतं, आणि कुठलंही बटण दाबलं की पडद्यावर नुसतं कुलूप दिसायचं.

"तात्या, बटणं चांगली आहेत. कुणीतरी लॉक केलीत."

"त्यानंच केली," दारातून आक्का म्हणाल्या. "खंडेनवमीला समद्या औजारांना लावलं, तसं मी ह्याच्या बी एकेका बटणाला कुंकू लावलं. चित्र पार एका अंगाला गेलं. लई वरडला माज्यावर."

बटणांच्या फटीत कुंकू अजून होतं.

मी मेन्यूचं बटण दाबून धरलं आणि पंधरा आकडे मोजले. कुलूप गेलं. उजेड वाढवला.

"आता दाबलं तर सरकंल?" आक्कांनी विचारलं.

"सरकेल की."

आक्का पुढे आल्या. कुंकू लावावं तसं एकेका बटणावर बोट टेकवत गेल्या. चित्र एका अंगाला सरकलं. बोट तसंच ठेवून त्या दाराकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "न्हाय वरडला."