बंद न केलेली सेशन

नाव : सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, सगळे मोठी आई म्हणतात. वय : ७१. शिक्षण : दुसरी, तीही अर्धी. धंदा : पूर्वी रुग्णालयात आया, आता घरी. राहणार : नातीकडे, रुग्णालयामागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझी नात त्याच रुग्णालयाच्या औषधांचा प्रोग्राम लिहिते. काम घरूनच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. फोन स्पीकरवर असतो आणि माझे कान शाबूत आहेत.

मला समजलं ते असं. रुग्णाची माहिती हवी की प्रोग्राम डेटाबेसशी सेशन उघडतो. काम झालं की ती बंद करायची, पुढच्या कामाला नवी उघडायची. उघडीच ठेवली तर एकदा वाचलेलं ती धरून बसते. मागाहून काही बदललं तरी जुनंच सांगते. आमच्या थोरल्या जाऊबाई तशाच होत्या.

वॉर्डातला कॉम्प्युटरचा पडदा हळू चालतो म्हणून महिन्यापूर्वी तिच्या कंपनीच्या साहेबांनी प्रोग्राममधली सेशन बंद करायची ओळ काढायला लावली. नात म्हणाली, "सर, सकाळची सेशन दिवसभर चालेल. मधला बदल वॉर्डात दिसणार नाही."

"दिवसभरात काय आभाळ कोसळतंय?" साहेब म्हणाले.

मंगळवारी आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर एका शिंप्याची माहिती पडद्यावर उघडली. दहाला डॉक्टरांनी आपल्या खोलीतून त्याचं एक इंजेक्शन बंद केलं. डेटाबेसात ते नीट उतरलं. नंतर सिस्टरने पडदा दोनदा बघितला आणि तेच इंजेक्शन दिलं. साडेबाराला शिंपी गेला. नातीने नोंदी काढून मला दाखवल्या. आकडे मला वाचता येतात.

बुधवारी साहेब घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "ओळ परत घालायची नाही. आत्ता घातली म्हणजे चूक कबूल केली. चौकशी होऊ दे."

"आणि तोवर?" नातीने विचारलं. साहेब बूट घालत होते.

मी म्हटलं, "विचारतेय ती."

"आजी, तुम्हाला यातलं कळत नाही."

जाताना तिचा लॅपटॉप घेऊन गेले. संध्याकाळी तिचा पासवर्डही चालेना.

आज सकाळी नात रुग्णालयात सांगायला गेली. कंपनीचं पत्र आण म्हणून तिला दारातच अडवलंय. ती तिथून हलत नाही, म्हणून मी इथे पोलीस चौकीत आले. साहेबांचं काय करायचं ते तुम्ही बघा. आधी रुग्णालयात फोन करून पडदे बंद करायला लावा, असं मी दोनदा सांगितलं. आधी जबाब पुरा होऊ दे, असं मला सांगण्यात आलं.

मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. अंगठा नको, सही येते. सही होईतो दहा पन्नास झाले. वॉर्डात इंजेक्शनं अकराला देतात.