मागे राहणाऱ्याची पिशवी

— नाही, तुम्ही एकटे आलात हे नाही खटकलं मला. एकटी माणसं इथे रोज परत येतात, एक पुढे, एक मागे, मग फाटकाशी रुसवेफुगवे, त्यात नवीन काय? मला खटकली ती सीट. तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत, 'हुश्श' केलंत, आणि मी बघितलं — निळी सायकल, पुढे टोपली, आणि सीट पार वर ओढलेली, बगळ्यानं मान ताणावी तशी. आता ही निळी सकाळी मी तुमच्याबरोबरच्या ताईंना भाड्यानं दिलेली. त्यांना शेजारी उभं करून, कमरेच्या हाडाशी सीट लावून, या हातांनी खाली केलेली. तुम्हाला दिली होती ती काळी, उंच. मग जिराफ हरणाच्या सायकलवर कसा? — जिराफ म्हणजे तुम्हीच. तोंड वाकडं करू नका, आम्ही सगळ्यांनाच नावं ठेवतो, त्याशिवाय लक्षात कसे राहणार तुम्ही लोक? एकसारखेच तर दिसता, गॉगल लावून.

बसा. त्या बाकावर नाही, तो ओला आहे — बरं, बसलात, बसा आता. वाजतोय हं ताईंचा फोन. वाजतोय... वाजतोय... नाही. उचलत नाहीत. दोन्ही हातांनी पंक्चर झालेली सायकल ढकलत असेल बाई, तिसरा हात आणणार कुठून? चहा? किटलीत आहे चहा, गरमही आहे. पण तो त्यांच्यासाठी आहे. तुम्ही हात धुतलेत ना, झालं तर. आल्या आल्या तुम्ही पहिलं काय विचारलंत, आठवतंय? 'हात कुठे धुऊ?' चेनचं काळं लागलं होतं बोटाला. मी म्हटलं, ताई कुठे आहेत? तर म्हणे, 'येतेय मागून. ती जरा हळूच चालवते.' चालवते? अहो, चालवायला तिच्याकडे ठेवलंत काय तुम्ही?

म्हणजे मला नीट समजू द्या, मी तशी शिकलेली आहे, पण हे काही डोक्यात शिरत नाही — पंक्चर झाली तुमची काळी. खाडीच्या वाटेवर, निम्म्यात. चूक तुमची नाही, काटा कोणालाही लागतो. मग तुम्ही बायकोला उतरवलंत, तिच्या हातात आपली मेलेली सायकल दिलीत, तिची निळी घेतलीत, आणि — हे मला फार आवडलं — थांबून आधी सीट वर केलीत! खटका उघडून, दांडा ओढून, पाय पुरताहेत का ते बघून. म्हणजे घाई नव्हती. घाबरून पळालात असं म्हणावं, तर तेही नाही. 'मी पुढे जाऊन मदत आणतो,' असं म्हणालात त्यांना? आणलीत की! हात धुऊन बसलात की मदत घेऊन!

आणि ही पिशवी बघा. सीटखालची. बघितलीत कधी उघडून? मी उघडते — हं, ठिगळं, डिंक, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप. सगळं आहे. आमच्याकडे दोघं जण आले की पिशवी एकाच सायकलला लावतात, आणि ती मागे राहणाऱ्याच्या सायकलला. बाबांचा नियम. पुढच्याचं काही बिघडलं तर मागचा येऊन पोचतोच, पण मागच्याचं बिघडलं तर पुढच्याला पत्ता नसतो. सकाळी ताईंनी विचारलं होतं, 'मलाच का पिशवी?' मी म्हटलं, तुम्ही मागे राहाल ना. तर हसल्या. म्हणाल्या, 'तुला कसं कळलं गं?' — कसं कळलं! तुम्ही तोपर्यंत फाटकाबाहेर गेला होतात, म्हणून कळलं. बाबांच्या नियमात एवढं मात्र बसलं नव्हतं, की पुढचा मागच्यासाठी थांबेल तो पिशवीच घेऊन जायला.

आई गं! — काय वाजलं? पत्रा. पत्राच आहे, वाऱ्यानं आपटला. हसताय काय? मी दचकते, लहानपणापासून दचकते, कॉलेजात पुस्तक पडलं तरी किंचाळायचे. आणि घाबरले की बोलत सुटते. आत्ता घाबरलेय म्हणून बोलतेय, तुमच्याशी गप्पा मारायची हौस नाही मला. वारा खाडीकडून यायला लागला की पाणी चढायला लागलेलं असतं. सकाळी सांगितलं होतं ना तुम्हाला? नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं — शेतांमधल्या वाटेनं जा, कुंपणं दोन्हीकडे उंच आहेत, वळणावर घंटी वाजवा, दगडी पुलावरून उतार लागेल, मग खाडी, आणि खाडीचा खालचा बांध भरतीच्या आत ओलांडा, कारण भरतीला बांध पाण्याखाली जातो. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि विचारलंत, 'फोटोला चांगली जागा कुठली?' घ्या, आता तिथे उभं राहून काढा फोटो, गुडघाभर पाणी येईल फोटोत.

बाबा गेलेत ताईंना गाठायला, वाटेच्या उलट्या बाजूनं. पंप घेऊन आणि दोर घेऊन. — दोर कशाला? शोभेला. असले प्रश्न विचारताना तुम्हाला खरंच काही वाटत नाही का हो?

तुम्ही लावा बरं तुमच्या फोनवरून. लावा. — कापला? एकदा वाजला आणि कापला? बरं झालं! अहो, तोंड काय पाडताय, कापला म्हणजे हात मोकळा आहे, म्हणजे बाई उभी आहे, रागावलेली आहे. रागावलेली बाई बुडत नाही. पुन्हा लावू नका. तुमचं नाव दिसलं की त्या कापणार, आणि बॅटरी उगाच... माझा नंबर अनोळखी आहे, अनोळखी माणसाचा एखादवेळी उचलतील. आपल्या माणसाचं काही सांगता येत नाही.

आला! आला फोन — हॅलो, ता... नाही. त्या नाहीत. दुसराच आहे कोणीतरी. वाजू दे. थांबेल आपोआप. — कोण म्हणजे? आमचे 'हे'. अजून झाले नाहीत 'हे', ठरलंय फक्त. आईनं साड्यासुद्धा बघून ठेवल्यात. तसा चांगला आहे, नोकरी आहे, दारू पीत नाही, सगळे म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. आला होता इथे एकदा, म्हणाला, चल, तुमची ती गोल वाट दाखव. वाट मी दाखवायची, आणि पुढे तो. दगडी पुलाशी मी मुद्दाम थांबले. म्हटलं, बघू या, कधी लक्षात येतं. कठड्याला टेकून उभी राहिले. खालून पाणी जात होतं, कुंपणात कुठलासा पक्षी ओरडत होता, ती जागा खरंच सुंदर आहे हो, नकाशात लिहिलंय ते काही खोटं नाही. पण वळला नाही तो. मी इथे येऊन पोचले तर याच बाकावर बसून चहा पीत होता. म्हणाला, 'कुठे होतीस? किती वेळ!' आणि मी — मी सॉरी म्हटलं. वर हसले. बाबांनी तेव्हा माझ्या सायकलची पिशवी चाचपून बघितली, जागेवर आहे का. तेवढंच.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुम्ही काय, असंच मान हलवत ऐकणार, जसं सकाळी बांधाचं ऐकलंत. आणि मान हलवू नका. तुम्हाला वाटतंय मी त्याच्यावर चिडलेय आणि राग तुमच्यावर काढतेय. नाही. तुमच्यावरचा राग पूर्ण तुमचाच आहे, तो वेगळा ठेवलाय, त्यात भेसळ नाही. फक्त... ती सीट बघितली ना मी. वाटलं, हे असंच होतं. एकदम टाकून कोणी जात नाही. आधी नुसते पुढे जातात. आपण थांबतो, हसतो, सॉरी म्हणतो. मग एक दिवस आपलीच सायकल काढून घेतात आणि आपल्या मापाची सीट वर करतात. आणि आपण म्हणत असतो, असू दे, मला चालायची सवय आहे.

थांबला फोन. परत नाही केला त्यानं. बघा, एकदाच वाजवतो.

पुन्हा लावते मी. गप्प बसा. तुम्ही बोलतच नाही म्हणा, पण श्वाससुद्धा जरा हळू घ्या. — वाजतोय. उठू नका, फाटकाशी जाऊन काय दिसणार आहे तुम्हाला? तिथून कुंपणापलीकडचं काही दिसत नाही. आणि आत्ता काळजी दाखवायला उठलात तर फार उशीर झाला, हात वाळलेसुद्धा तुमचे. वाजतोय... ताई, उचला ना. उचला हो. मी तुमची सीट खाली करून ठेवते, चहा ठेवलाय, उचला...

उचलला! हॅलो? हॅलो, ताई! मी, सायकलवाली! कुठे आहात? बांध — ओलांडलात? साडी, बूट, काय भिजायचं ते भिजू दे, ओलांडलात ना? — आणि ती घंटी? मागे वाजतेय ती? खर्र खर्र करते ती? बाबाच ते, ताई, बाबांचीच घंटी आहे, दुसरी तशी नाही कुठे. थांबा तिथेच, पुढे येऊ नका...

— हात खाली. फोन माझा आहे.

काय म्हणालात, ताई? वाऱ्यात ऐकू नाही आलं. शेजारी कोण आहे?

नाही हो. इथे कोणीच नाही.