घाटमाथ्यावरचा पापलेट

मंडळी, ऐका! आज आख्यानाचा आरंभ एका पत्राने करतो. पत्र आहे एका दूरचित्रवाणी वाहिनीचं. नाव सांगत नाही, कारण अशा पत्रांना नाव असून उपयोग नसतो. पत्र म्हणतं—

‘‘लागला तर लागला’ ही मालिका बंद करण्यात येत आहे. सव्वीस भागांत केवळ तीन मासे पकडले गेल्याने प्रेक्षकांचा अपेक्षाभंग झाला आहे. प्रेक्षकांची फसवणूक होऊ नये, ही आमची बांधिलकी आहे.’

व्याकरण निर्दोष! एक मात्रा इकडची तिकडे नाही. खोटेपणाला व्याकरणाची भीती कधीच वाटलेली नाही, मंडळी. आता आपण शास्त्राच्या रीतीने या पूर्वपक्षाचं एकेक अंग तपासू.

‘तीन मासे.’ मी सव्वीसही भाग पाहिले आहेत. शेवटच्या भागातला मासा वाहिनीनेही यात मोजलेला नाही, त्याचं पुढे सांगतो. पहिला मासा लागला, तो बोटभर होता म्हणून सोडला. दुसरा गळाला लागलाच नाही. तो आपणहून काठावर उडाला, आणि पाहुण्यासारखी चौकशी करून पुन्हा पाण्यात गेला. तिसरा म्हणजे जुनी चप्पल. तिची गणना माशांत कुणी केली? वाहिनीने! तेव्हा आकडासुद्धा खोटा, आणि तोही स्वतःच्या सोयीच्या उलट दिशेने. विद्वत्तेची ही पातळी गाठायला कार्यालयच लागतं.

‘अपेक्षाभंग.’ कुणाचा? आणि ‘फसवणूक’— ती कुणी केली? या शब्दावर मात्र आपण आज थांबणार आहोत.

कारण प्रश्न असा आहे, मंडळी: ज्याच्या हाती काही लागत नाही, त्याच्या शेजारी बसून आपल्याला सुख का वाटतं? आणि ते सुख आपण मान्य का करत नाही?

आता कथा ऐका.

विश्राम तांडेल नावाचा एक दर्यावर्दी. चाळीस वर्षं समुद्रावर. गुडघे गेले, डॉक्टरांनी होडी बंद केली. समुद्रावरचा माणूस अंगणात बसला की त्याचं काय होतं, ते या गावाला मी सांगायला नको. त्याचा मित्र मुकुंद साठे. एसटीचा निवृत्त वाहक. जन्मात मासा खाल्लेला नाही, वासानेही शिंकतो! पण महाराष्ट्रातला कुठला रस्ता कुठल्या देवळापाशी वळतो, ते तोंडपाठ. एक म्हणाला, ‘‘मला पाणी दाखव.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मी रस्ता दाखवतो.’’ निघाले दोघे! गळ एक, पिशव्या दोन, आणि मागून वाहिनीचा कॅमेरा.

मालिकेत व्हायचं काय? एसटीने एका गावी जायचं. नदी, तळं, धरणाचं पाणी— जे असेल तिथे गळ टाकून बसायचं. म्हैस पाण्यात उतरली, गळ गुंडाळला, थांबले. म्हैस गेली, पुन्हा टाकला. मुकुंद घड्याळ बघून गंभीरपणे जाहीर करायचा, ‘‘गाडी वेळेवर आहे. मासा उशिरा आहे.’’ आणि प्रत्येक गावात— प्रत्येक, मंडळी!— एक गृहस्थ काठावर येऊन म्हणायचे:

‘‘अहो, काल यायला हवं होतं! काल एवढा लागला होता!’’

हा ‘काल’ मी फार ग्रंथांत शोधला. कालगणनेच्या कुठल्याही पद्धतीत तो सापडत नाही. कोल्हापुरात काल, मेळघाटात काल, गोदावरीच्या काठी काल! विश्राम प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा: ‘‘काल आम्ही दुसऱ्या गावात होतो. तिथे परवा लागला होता.’’

हसलात! लोकही हसत. अकोल्याच्या एका बाईंनी वाहिनीला पत्र लिहिलं, त्याची नक्कल माझ्याजवळ आहे: ‘आमच्याकडे समुद्र नाही. मी मासे खात नाही. पण रविवारी तो अर्धा तास आमच्या घरात कुणी कुणाला ‘पुढे काय?’ म्हणून विचारत नाही. म्हणून पाहते.’

सगळ्या मालिकेवरचं भाष्य त्या बाईंनी चार वाक्यांत लिहिलं. मी असतो तर चारशे पानं लागली असती आणि तळटीपा वेगळ्या.

पण वाहिनीत एक कार्यक्रमप्रमुख होते. श्री. निरंजन देवस्थळी. सभ्य माणूस! आजच्या कथेत दुष्ट कुणीही नाही. ती सोय तुम्हाला मिळणार नाही. त्यांच्या वरचे साहेब त्यांना विचारत, ‘‘मासेमारीच्या कार्यक्रमात मासा कुठे आहे?’’ प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तर अवघड होतं.

सव्विसाव्या भागाचं चित्रीकरण. घाटमाथ्यावरचं वाकळवाडी गाव, नदीचा डोह, सकाळची वेळ. विश्राम गळ टाकून बसलेला. मुकुंद भाजक्या शेंगा सोलतोय. आणि देवस्थळी स्वतः हजर! हातात थर्मोकोलचा डबा.

‘‘तांडेलकाका, आज मासा लागणार.’’

‘‘तुम्हाला पाण्याने सांगितलं का, साहेब?’’

‘‘आम्ही व्यवस्था केली आहे.’’

डबा उघडला. आत बर्फ. बर्फावर— पापलेट!

‘‘अवो बुवा,’’ या आपल्या पुढे बसलेल्या भानूआक्का म्हणतायत, ‘‘पापलेट कवा गलाला लागतंय?’’ आक्का, थांबा! तो जाळ्यात येतो, गळाला येत नाही, हे तुम्हाला जन्मतः ठाऊक. पण देवस्थळींचं शिक्षण जास्त झालेलं होतं. विश्राम फार शांतपणे म्हणाला,

‘‘साहेब, हा पापलेट.’’

‘‘हो! कॅमेऱ्यात उठून दिसतो.’’

‘‘ही नदी.’’

‘‘मग?’’

‘‘पापलेट समुद्रात असतो.’’

‘‘नदी शेवटी समुद्रालाच मिळते ना, काका?’’

अहाहा! सर्व प्रवाह सागराला मिळतात हा सिद्धान्त मी आयुष्यभर वाचत आलो. त्याचं झाकण उघडून आत बर्फही भरता येतो, हे देवस्थळींकडून कळलं!

विश्रामने मासा उचलून फिरवून पाहिला. ‘‘आणि याच्या अंगावर या चिरा कसल्या?’’

देवस्थळींनी मान खाली घातली. ‘‘मासेवालीने विचारलं, तळायला का? मी हो म्हटलं. नाही म्हणालो असतो, तर तिने विचारलं असतं, मग कशाला?’’

‘‘पोटही साफ केलंय.’’

‘‘तेही तिने विचारलं. मी त्यालाही हो म्हटलं.’’

मुकुंदने शेंगा खाली ठेवल्या, नाकाला रुमाल लावला आणि डब्यात वाकून पाहिलं. ‘‘विश्राम, मी तीस वर्षं तिकिटं फाडली. इतकं कमी सामान घेऊन प्रवासाला निघालेला उतारू बघितला नाही. आतडीसुद्धा घरी ठेवून आलाय!’’

हसा, मंडळी, हसा. पण आता जरा कान द्या. देवस्थळी हसले नाहीत. म्हणाले, ‘‘काका, स्पष्ट सांगतो. आज मासा दिसला, तर पुढचे सव्वीस भाग. नाही दिसला, तर हा शेवटचा. गळाला अडकवून पाण्यात सोडायचा आणि वर काढायचा. दोन मिनिटं. कुणाला कळणार आहे?’’

शेवटचा! म्हणजे पुन्हा अंगण. पुन्हा सकाळी उठून भिंतीकडे बघणं. विश्रामने मुकुंदकडे पाहिलं, तर मुकुंद पाण्याकडे बघत होता. त्याला तर घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, ‘‘विश्राम, तू ठरव. मी काय, मी उतारू.’’

बोला! तुम्ही काय केलं असतं? घाई करू नका. ‘आम्ही नकार दिला असता’ असं देवळात बसून म्हणणं सोपं आहे.

विश्रामने मासा घेतला. गळाला अडकवला. पाण्यात सोडला. हो! सोडला! देवस्थळींनी सुटकेचा श्वास टाकला. कॅमेरा सुरू झाला. काठावरचे काल-वाले गृहस्थसुद्धा श्वास रोखून उभे! विश्रामने दोरी खेचली— पापलेट वर आला, उन्हात चांदीसारखा चमकला. आणि विश्राम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला—

‘‘रामराम मंडळी. हा पापलेट. समुद्रातला आहे, बाजारातून आलाय. पोट साफ आहे, चिरा पाडल्यात, फक्त मसाला राहिलाय. हा मी पकडला नाही, मला दिला. माझ्या घरच्या बायकांनी मला याच्यासोबत पाहिलं, तर मला ताटावर बसू देणार नाहीत. आज मला काही लागलं नाही. हे पाणी फार छान आहे. बसा थोडा वेळ.’’

आणि रिकामा गळ पुन्हा पाण्यात टाकून बसला! मुकुंदने शेंगांची पिशवी पुढे केली.

तो भाग असा काही दाखवला गेला नाही. विश्रामचं बोलणं कापलं, पापलेट वर येताना दाखवला, आणि पुढच्याच आठवड्यात ते निर्दोष व्याकरणाचं पत्र आलं. प्रेक्षकांची फसवणूक होऊ नये, म्हणून!

पण आक्का, तुमच्यासारख्या बायका या राज्यात पुष्कळ आहेत. नदीत पापलेट, तोही चिरा पाडलेला! वाहिनीकडे पत्रांचे ढीग पडले. वाहिनीच्या तक्रार समितीपुढे देवस्थळींची सुनावणी झाली. विश्रामने तिथे सगळं सांगितलं. समितीचा निर्णय अजून यायचा आहे. विश्राम आणि मुकुंद त्याच्यासाठी थांबलेले नाहीत. मागल्या आठवड्यात कॅमेऱ्याविना भंडाऱ्याच्या एका तळ्यावर होते.

‘‘बुवा, तिथे मासा लागला का?’’— कोण ते, मागून? बघा! इतका वेळ काय सांगतोय मी?

हेच, मंडळी, हेच! फळावर हक्क नाही असं ऐकलं की तुमच्या माना डोलतात. मग मुलगी गाणं शिकून घरी येते, तुम्ही विचारता, ‘‘परीक्षा कधी?’’ म्हातारा बाप नदीकाठी फिरून येतो, तुम्ही विचारता, ‘‘कशाला गेला होतात?’’ शेजारी देवदर्शन करून येतो, तुम्ही विचारता, ‘‘रांगेत किती वेळ लागला?’’ आणि मी? मी इथून घरी गेलो की बायको विचारते, ‘‘किती लोक होते?’’ आणि मी संख्या वाढवून सांगतो! तेव्हा माझ्याही डब्यात बर्फ आहे. तो पापलेट देवस्थळींनी एकट्याने आणला नाही. तो आपल्या प्रश्नांनी आणवला. मासा कुठे, मासा कुठे, असं आपण इतक्यांदा विचारलं, की एका सभ्य माणसाला बाजार गाठावा लागला.

आणि आपल्याला मासा हवाच होता का? सुनावणीत समितीने देवस्थळींना एकच प्रश्न विचारला: आपण ही मालिका स्वतः पाहत होतात का? इतिवृत्ताची प्रत माझ्या हातात आहे. देवस्थळींनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायले. मग जे बोलले, ते एक अक्षर न बदलता वाचतो—

‘‘हो. दर रविवारी, घरी, सगळे भाग. आज तरी मासा लागू नये, असं मला मनापासून वाटायचं. लागला की ते दोघे उठून घरी जातील, अशी भीती वाटायची. आणि सोमवारी कार्यालयात येऊन, मासा का लागला नाही, हे विचारणारं पत्र त्यांना मीच लिहायचो.’’