खुर्चीचे आठ हात

टकळी : पेन्सिलपण पिशवीत? काका, ती तर आईच्या कारखान्याची आहे.

मिस्त्री : माझी आहे. दातांचे व्रण बघ.

टकळी : म्हणजे खरंच निघालात.

मिस्त्री : तुझी आई आली की तिला सांगतो आणि निघतो. दप्तर भुशात नको टाकूस, बाकावर ठेव.

टकळी : खुर्च्यांचे आठ हात बिघडले म्हणून तीस वर्षांचं काम सोडतं का कोणी?

मिस्त्री : आठच्या आठ. एखादा बिघडता तर लाकडाला नावं ठेवली असती. माणूस खुर्चीत बसला की तळवा आधी तिथेच जातो, टकळे. आणि प्रत्येक वळणावर खाच. गिऱ्हाइकाने अंगठा ठेवून दाखवलं. तुझी आई एक शब्द बोलली नाही, नुसतं माझ्या चष्म्याकडे बघितलं. तेवढं दिसतं मला अजून.

टकळी : काका, तुम्ही ते आठही हात शेजारी शेजारी लावून बघितलेत?

मिस्त्री : कशाला? तोंड काळं झालेलं आरशात बघायला?

टकळी : मी बघितले. खाच सगळ्यांना एकाच जागी आहे. तुमचा हात चुकला असता तर दरवेळी वेगळीकडे पडली असती ना?

मिस्त्री : मग?

टकळी : मग... हा घ्या.

मिस्त्री : हा फर्मा. याच्यावरूनच तर कापले आठही. खिळ्यावरून कशाला काढलास?

टकळी : कडेवरून बोट फिरवा. अजून पुढे. वळणावर.

मिस्त्री : फिरवतोय.

टकळी : लागली?

मिस्त्री : लागली.

टकळी : ती माझी आहे.

मिस्त्री : तुझी म्हणजे?

टकळी : रविवारी. शाळेच्या प्रदर्शनासाठी पुस्तकाचा स्टँड करायचा होता, आणि तुमच्या फर्म्याचं वळण मला इतकं आवडतं की म्हटलं, दोन्ही बाजूंना हेच. वर्गात आधीच सांगून बसले होते, मी लाकूड कापायच्या राउटर मशीनवर करणार म्हणून. बाईसुद्धा वा म्हणाल्या. मग काय, डोक्यात हवा. आई फोनवर बोलत बाहेर गेली होती. मी मशीन लावलं.

मिस्त्री : एकटीने?

टकळी : हो.

मिस्त्री : हात दाखव.

टकळी : काका, काही झालं नाही—

मिस्त्री : दाखव. दोन्ही. उलटे कर.

टकळी : दहाही आहेत. केस बांधले होते, बाह्या वर होत्या. फळी मशीनच्या खुंटीला टेकवूनच सुरुवात केली, पातं फिरतं त्याच्या उलट बाजूने ढकललं. सगळं तुम्ही सांगितलं तसं.

मिस्त्री : आणि पात्याची उंची?

टकळी : तेवढीच नाही बदलली. तुम्ही जाड लाकडाला लावून ठेवली होती. माझी फळी पातळ.

मिस्त्री : म्हणजे पात्याला फर्म्याच्या कडेने चालवतं ते बेअरिंग फर्म्याला टेकलंच नाही. वरच्या वर हवेत फिरलं.

टकळी : आणि पात्याने फळीबरोबर फर्मापण खाल्ला. खर्र झालं. मी बंद केलं, फर्मा पुसला आणि खिळ्याला लावला. उलटा. खाच शेजारी टांगलेल्या फळीच्या आड जाईल असा.

मिस्त्री : आड.

टकळी : हो. मुद्दाम. सोमवारी सांगणार होते. मंगळवारी मी शाळेत आणि तुम्ही आठही करून मोकळे. आणि काल जेवताना तुम्ही आईला म्हणालात, माझे डोळे गेले, ताई. मी समोरच होते, तोंडात घास. एरवी माझं तोंड बंद होत नाही, आणि काल ते उघडेना.

मिस्त्री : स्टँडचं काय झालं?

टकळी : दुसऱ्या फळीचा हाताने केला. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र दप्तरात आहे, घरी दाखवलं नाही. काका, ओरडा ना.

मिस्त्री : फर्मा लावण्याआधी कडेवरून बोट फिरवायचं, हे तुला कोणी शिकवलं?

टकळी : तुम्ही.

मिस्त्री : मंगळवारी मी नाही फिरवलं. म्हटलं, माझाच फर्मा, मीच कापलेला, याला काय तपासायचं. आणि खाच दिसलीही नाही. पहिल्या हाताला नाही, आठव्यालाही नाही. फर्मा तुझ्या माथी. हे नको घेऊस तुझ्या माथी.

टकळी : मग जाणारच तुम्ही?

मिस्त्री : तुझी आई आली. आधी तू बोल.

आई : काय चाललंय? आणि ही पिशवी कोणाची?

टकळी : आई, फर्मा मी बिघडवला. रविवारी, कोणी नसताना मशीन लावून. मग लपवला. काकांचा हात चुकलाच नव्हता.

आई : चार दिवस घरात हसत फिरत होतीस.

टकळी : हसत नव्हते. तसं दिसत असेल.

आई : आणि मी... काका, मी तुम्हाला मशीनवरून काढून पॉलिशला बसवायचं ठरवलं होतं. तुम्हाला न विचारता. मशीनसाठी दुसऱ्या माणसाशी बोलूनही आले.

मिस्त्री : बोललात ते चूक नाही, ताई. डोळे तपासायला हवेत. ते मी वर्षभर टाळतोय.

आई : मग तपासू. आधी ती पिशवी खाली ठेवा.

मिस्त्री : नवा फर्मा लागेल. हिने कापायचा. करवत आणि कानस. मशीनला हात नाही.

(दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर.)

मिस्त्री : दे इकडे. हं. वळण बरं आलंय.

टकळी : डोळे तर मिटलेत तुम्ही.

मिस्त्री : चष्मा शनिवारी मिळणार. तोवर बोट आहे. इथे काय आहे?

टकळी : कुठे? काही नाही.

मिस्त्री : टकळे.

टकळी : ...आहे. जरासं. वाटलं, तुम्हाला लागणार नाही.

मिस्त्री : लागलं.

टकळी : कानस द्या.