दिशाचं मंत्रिमंडळ

रिकामी बाटली. दोन लाल रिबिनी. सात नावांची चुरगळलेली यादी.

जामखेडच्या एसटीत जास्मिनची आई मरिया बसली होती. पुढच्या सीटवर शाळेच्या बालसंसदेची पंतप्रधान दिशा आजीला सांगत होती.

"माझं मंत्रिमंडळ पाडलं गं पोरांनी!"

"हात किती वर झाले?"

"माझा, सात मंत्र्यांचे, आन् पार मागं एक. कुनाचा ते दिसलं न्हाई."

"पानीमंत्री कोन केल्ती?"

"निकिता."

"अगं, ती नळाला हात लावत न्हाई! टाकी कोन भरतं?"

"जास्मिन. पन ती माझ्याशी बोलत न्हाई."

"तू बोलतीस व्हय?"

दिशानं लाल रिबीन बोटाला गुंडाळली.

"बोल की."

"उद्या दुसरी यादी पास झाली न्हाई, तर माझं पद जातंय."

"मग काढ पेन, पंतप्रधानबाई."

"आजी, ती व्हय म्हनंल का?"

खिडकी खडखडत होती, म्हणून जास्मिननं घरी सांगितलेलं दिशाला ऐकवायला मरिया पुढे वाकली.

मागचा तो हात जास्मिनचा होता.