आठवीचा शांत वर्ग

मुख्याध्यापिका : मग बाक पडला तेव्हा तुम्ही वळून का नाही पाहिलंत?

सर : कुठला बाक?

मुख्याध्यापिका : आज आठवीत, सर. तुमचा तास बघायला मी मागे बसले होते ना, तेव्हा. शेवटचा बाक आडवा झाला. एका पोराचा पाय सापडला खाली. केवढ्यांदा ओरडला तो!

सर : अगं, मी नदी काढत होतो. फळ्यावर नदी काढताना माझं कुठ्ठं लक्ष नसतं. उगमापासून निघालो की मुखापर्यंत थांबायचं नाही. मध्ये हात उचलला की वळण बिघडलंच. मीच शिकवलंय तुला हे. त्या मोठ्या खुर्चीत बसलीस आणि विसरलीस होय?

मुख्याध्यापिका : नाही विसरले. बाक मीच उचलला. फारसं लागलं नाही त्याला. पण तोवर तुम्ही समुद्र रंगवायला घेतला होतात. निळ्या खडूनं.

सर : छान झाला होता ना?

मुख्याध्यापिका : फार छान झाला होता.

सर : मग तेच सांग की परवा संचालकांना. म्हणावं, म्हातारा समुद्र चांगला काढतो, द्या अजून एक वर्ष.

मुख्याध्यापिका : चेष्टा नको ना, सर. ते मला एकच गोष्ट विचारणार आहेत. निवृत्तीनंतर सरांना वर्षभर वाढवून द्यायचं का? मी हो म्हटलं तर हो. नाही म्हटलं तर तुमचं हे शेवटचं सत्र.

सर : मग हो म्हण आणि मोकळी हो. त्यात एवढा विचार कसला?

मुख्याध्यापिका : (खिडकीशी जाऊन, सरांकडे पाठ करून) कसं म्हणू हो? पहिल्या वर्षी पोरांनी मला रडवलं, तेव्हा याच नकाशांच्या खोलीत तोंड लपवून बसले होते मी. राजीनामा द्यायला निघाले होते. तुम्ही मला परत वर्गात नेलंत. तुमच्यामुळं मी शिक्षिका राहिले, आणि परवा मला तुम्हालाच नाही म्हणायचंय.

सर : तो पडदा ओढ की जरा. ऊन पृथ्वीच्या गोलावर येतंय, महासागर पार विटलेत बघ.

मुख्याध्यापिका : ओढला. आता माझ्याकडे बघा. मी आत्ता काय म्हणाले?

सर : आत्ता म्हणजे?

मुख्याध्यापिका : खिडकीशी उभी होते तेव्हा.

सर : उकाड्याचं काहीतरी म्हणालीस.

मुख्याध्यापिका : नाही, सर.

सर : नाही? मग राहिलं. या वयात थोडं कमी येतं ऐकू. घरी हीसुद्धा कटकट करते, टीव्ही केवढा मोठा लावलाय म्हणून.

मुख्याध्यापिका : थोडं नाही. तुम्ही ऐकत नाही आहात, माझे ओठ वाचताय. आत्तासुद्धा.

सर : बरं. कुणाकुणाला सांगितलंस?

मुख्याध्यापिका : कुणालाच नाही. आधी तुमच्याकडे आले.

सर : गुणाची आहेस. बस. अशी समोर बस, उजेडात. तुला वाटतं तितकं वाईट नाही ते. आधी मीही घाबरलो होतो. मग एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभा होतो. सगळी शाळा मैदानावर. पोरं धावतायत, तोंडं उघडी, चेंडू वर गेलाय, धूळ उडतेय, आणि आवाज म्हणून नाही. पाण्याखाली डोळे उघडल्यावर दिसतं ना, तसं सगळं हळूहळू चाललेलं. इतकी गोड दिसली गं ती मला! घंटा झाली ती खांबावर ठेवलेल्या हाताला कळली. मी तसाच उभा राहिलो. तास चुकलाच माझा त्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा.

मुख्याध्यापिका : आणि वर्गात?

सर : वर्गातही तसंच. मी बोलतो, ती बघतात. उत्तर येत असेल तर येऊन फळ्यावर लिहितात. मी पाठमोरा असलो तर बाही ओढतात. कुणी ठरवलं नाही, आपोआप जमलं. कुणाचं काही अडत नाही.

मुख्याध्यापिका : कानाला यंत्र का नाही लावत?

सर : आणलंय, पडलंय ड्रॉवरमध्ये. घातलं की डोक्यात कुणी भांडी घासतंय असं वाटतं. आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसे बोलायला लागतील. नको बाई. बरं, मला सांग, अख्ख्या शाळेत सगळ्यात शांत वर्ग कुणाचा?

मुख्याध्यापिका : तुमचा.

सर : आणि नव्या शिक्षकांना शिस्त बघायला कुठं धाडतेस?

मुख्याध्यापिका : तुमच्याच वर्गावर. मीच धाडते. प्रत्येक बैठकीत मीच तुमचं उदाहरण देते. आज त्या वर्गात मागे बसले तेव्हा कळलं तो शांत का आहे. पोरांनी बोलणंच सोडून दिलंय, सर. आणि आपण दोघं त्याला शिस्त म्हणत आलो.

सर : हे फार लागलं मला.

मुख्याध्यापिका : मलाही लागलंय. तासभर तिथं बसून मान वर करवत नव्हती.

सर : एकच वर्ष दे गं. वर्ग नसेल तर सकाळी उठून मी जाऊ कुठं? घरी बसून भिंती बघू? तू माझ्या हाताखाली तयार झालीस. माझ्यासाठी एवढं एक खोटं बोलवत नाही तुला?

मुख्याध्यापिका : तुम्ही बोलला असतात माझ्यासाठी? माझ्या वर्गात असं चाललं असतं तर?

सर : नसतो बोललो.

मुख्याध्यापिका : माहितेय मला. म्हणून तर तुमचा इतका राग येतोय.

सर : रागाव. रागावल्यावर तुझे ओठ स्पष्ट दिसतात.

मुख्याध्यापिका : सर, खिडकीकडच्या रांगेत एक मुलगी बसते. दोन वेण्या घालते.

सर : ओळखतो की! शहाणी पोर, पण लाजाळूचं झाड नुसतं. हात वर करते, उभी राहते, तोंडावर पंजा धरते. मग धीर होत नाही बिचारीला. मी कधी दटावलं नाही हो. हसून शाब्बास म्हणतो आणि बसवतो.

मुख्याध्यापिका : तिच्या दातांना तार बसवलीय. ती दिसू नये म्हणून तोंडावर हात धरते. हाताआडून ती बोलते, सर.

सर : काय?

मुख्याध्यापिका : ती बोलते. प्रश्न विचारते तुम्हाला. शेजारची म्हणाली, रोज विचारते. आजही विचारला. तुम्ही हसलात, शाब्बास म्हणालात, बस खाली म्हणालात. ती बसली. वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही. सवय झालीय त्यांना.

सर : अरे देवा.

मुख्याध्यापिका : पाणी देऊ?

सर : नको. काय विचारलं तिनं आज?

मुख्याध्यापिका : नदी समुद्राला मिळाली की तिचं पाणी किती आतपर्यंत तिचंच राहतं? कुठून पुढं तिला नदी म्हणायचं नाही?

सर : पुन्हा सांग. हळू.

मुख्याध्यापिका : नदी समुद्राला मिळाली, की कुठून पुढं तिला नदी म्हणायचं नाही?

सर : उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नाही गं. मी दर वर्षी तिथं थांबतो. मुखापाशी पोचलो की खडू ठेवतो, हात झटकतो, उगाच वेळ काढतो. वाटतं, आता कुणीतरी विचारेल. आणि या पोरीनं विचारलं, तर मी शाब्बास म्हणून खाली बसवलं तिला.

मुख्याध्यापिका : सर, रडू नका हो. मला नाही बघवत.

सर : रडू दे. परवाची वाट नको बघूस. आज संध्याकाळीच जाऊ संचालकांकडे. मीच सांगतो, ऐकू येत नाही म्हणून. वर्षाचं काय ते त्यांनी ठरवावं.

मुख्याध्यापिका : मी मागणार आहे वर्ष. यंत्र लावून, आणि वर्गात जोडीला दुसरा शिक्षक देऊन. पण देतील असं वचन नाही देत तुम्हाला.

सर : देऊही नकोस. उद्या आठवीवर माझा तास आहे ना?

मुख्याध्यापिका : पहिलाच. मी येऊ बरोबर?

सर : ये. पण मध्ये बोलू नकोस. मी तिच्या बाकावर जाऊन बसणार, शेजारी. म्हणणार, बाळ, मला ऐकू येत नाही, इतके दिवस मी ऐकल्याचं सोंग केलं. आता तोंडावरचा हात काढ आणि विचार.

मुख्याध्यापिका : आजचाच प्रश्न?

सर : नाही. तिला आठवतील तेवढे सगळे.